नको मित्रा, मला माझे आरोग्य प्रिय आहे

हे वाक्य मी लिहिलं आहे. आधीच कबूल करून टाकते, कारण नंतर कळलं तर लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात. आमच्या मुलीच्या वर्गशिक्षिकांनी तर चष्मा काढून पुन्हा लावला होता.

मी भाषांतरं करते. कथा-कादंबऱ्यांची नाही. मिक्सरच्या डब्यातलं माहितीपत्रक, विम्याचे फॉर्म, लिफ्टमधल्या सूचना, असली. 'पाते फिरत असताना झाकण उघडू नये' हे तुम्ही कधी वाचलं असेल, तर आपली जुनी ओळख आहे. माझं माहेर गिरगावातलं, खोताच्या वाडीच्या तोंडाशी. वडील कारकून होते आणि आमच्याकडे भांडणं व्हायची ती ऱ्हस्व-दीर्घावरून. सासर लालबागचं. सासरे गिरणीत होते, आता टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहतात आणि घरात मालवणी बोलतात. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, "बाबा, आपल्याला आमटी आणखी हवी आहे का?" तर त्यांनी सासूबाईंना हाक मारून सांगितलं, "बातम्यो लागल्यो गो." सासूबाई गेल्या, पण मी तोंड उघडलं की बातम्या अजून लागतात.

तर दोन वर्षांपूर्वी मला एका कॉम्प्युटर गेमचं काम आलं. सातवी-आठवी-नववीच्या मुलांनी सिगरेटला हात लावू नये म्हणून केलेला गेम. मूळचा परदेशी. लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीतली मंडळी तो इथल्या शाळांसाठी नव्यानं करत होती. निळ्या टोपीचा एक मुलगा रस्त्यानं चालत असतो. कोपऱ्याकोपऱ्यावर कोणीतरी त्याला सिगरेट पुढे करतं. 'घे' किंवा 'नको' असं बटण दाबायचं. खाली कोपऱ्यात त्याची दोन फुफ्फुसं दिसतात, गुलाबी, टपोरी, जाम फळांसारखी. 'घे' दाबलं की ती थोडी काळी होतात, मुलगा खोकतो आणि त्याचा वेग कमी होतो. फार काळी झाली की तो फुटपाथवर बसतो आणि खेळ संपतो. शेवटपर्यंत पोचलात तर मॅच. मूळ गेममध्ये फुटबॉलची होती. आपल्याकडच्या हुशार लोकांनी कबड्डीची केली, कारण कबड्डीला दम लागतो. ही कल्पना मला मनापासून आवडली होती.

'नको' दाबल्यावर मुलगा काय म्हणतो, हे मी लिहायचं होतं. मूळ इंग्रजी वाक्य अगदी साधं होतं, खांदे उडवून बोलल्यासारखं. मी लिहिलं, "नको रे, जाऊ दे." चार दिवसांनी तज्ज्ञांच्या समितीकडून शेरा आला : 'बोलीभाषा टाळावी. आरोग्याचा संदेश स्पष्टपणे यावा.' मी लिहिलं, "नको, मला सवय लावून घ्यायची नाही." शेरा आला : 'नकारात्मक वाटते. मैत्रीभाव दिसावा.' असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी गॅसवर कुकरची तिसरी शिट्टी होत होती, मुलगी सेलोटेप शोधत होती आणि माझं डोकं फिरलं. समितीला धडा शिकवायचा म्हणून मी मुद्दाम, अगदी दात ओठ खाऊन लिहिलं :

"नको मित्रा, मला माझे आरोग्य प्रिय आहे."

संध्याकाळी उत्तर आलं. 'अत्यंत समर्पक. मान्य.'

त्यावर कडी म्हणजे आवाज. तेरा वर्षांच्या त्या निळ्या टोपीवाल्याला त्यांनी ज्या गृहस्थांचा आवाज दिला, ते पन्नाशीचे तरी असावेत. मुलगा उड्या मारत येतो, मान तिरकी करतो आणि त्याच्या तोंडातून शोकसभेच्या अध्यक्षासारखा घनगंभीर स्वर निघतो. 'प्रिय' मधला 'प्रि' तर असा, की समोरच्या माणसाला उभं राहावंसं वाटावं.

गेम तयार झाल्यावर मला लॅपटॉपवर पाठवला, भाषेच्या चुका बघायला. मी मुलीला म्हटलं, तू खेळून बघ. ती तेव्हा आठवीत होती. तिनं पाच मिनिटांत सगळीकडे 'नको' दाबत खेळ संपवला आणि म्हणाली, "आई, हा माणूस कोण आहे? आणि तो असं का बोलतो?"

"कसं?"

"तुझ्यासारखं."

ती मैत्रिणीकडे गेली. लॅपटॉप उघडाच राहिला. सासरे सोफ्यावर होते. त्यांना त्या पडद्यावर दोन गोष्टी दिसल्या. एक, कबड्डीचं चित्र. दुसरी, कोणीतरी फुकट विडी देतंय.

सासरे गिरणीच्या संघातून कबड्डी खेळायचे. आमच्या घरात शोकेसमध्ये त्यांचे तीन कप आहेत, त्यातल्या एकात बटणं आणि सेफ्टी पिना असतात. आणि विडी त्यांची कामावर लागल्यापासूनची. गॅलरीच्या कोपऱ्यात खुर्ची, खुर्चीखाली पत्र्याचा डबा, असा त्यांचा संसार. मी त्यांना कुठलं बटण कशासाठी ते दाखवलं. निळ्या टोपीचा मुलगा निघाला. पहिल्या कोपऱ्यावर एक जाडसर माणूस सिगरेट पुढे करून हसला. सासऱ्यांनी 'घे' दाबलं.

"बाबा, नको म्हणायचं."

"अगो, तो प्रेमान देता. नको म्हटला तर काय वाटात तेका?"

दुसऱ्या कोपऱ्यावर घेतली. तिसऱ्यावर घेतली. शाळेच्या फाटकाजवळ दोघं उभे होते, दोघांकडूनही घेतली, एकाला वाईट वाटायला नको म्हणून. फुफ्फुसं तव्यासारखी झाली. मुलगा फुटपाथवर बसला.

"काय झाला?"

"मेलात, बाबा."

"एवढ्यात?" त्यांना ते खरंच पटलं नाही. "माका पन्नास वर्सां झाली."

पुढचा आठवडाभर ते रोज दुपारी मरत होते. मी आत काम करत असे आणि बाहेरून आधी खोकला येई, मग एक उदास धून आणि मग सासऱ्यांचा आवाज : "परत मेलंय." त्यांना कबड्डीपर्यंत पोचायचं होतं, पण माणुसकी सोडायची नव्हती. त्यांनी वेगवेगळे उपाय करून पाहिले. एकाकडून घ्यायची, दुसऱ्याला नमस्कार करून पुढे जायचं. तर गेममध्ये नमस्काराचं बटणच नव्हतं. "गेम करणाऱ्यांका तेवढां सांग," म्हणाले.

नवव्या दिवशी काय झालं माहीत नाही. मी भाजी निवडत होते. बाहेरून तो शोकसभेचा आवाज आला, "नको मित्रा, मला माझे आरोग्य प्रिय आहे," आणि पाठोपाठ सासरे पडद्याला समजावताना ऐकू आले, "रागाव नको रे बाबा. आज मॅच आसा. मॅच झाल्यार ओढतलंय." असं प्रत्येक कोपऱ्यावर त्यांनी माफी मागितली आणि कबड्डीपर्यंत पोचले. तिथे दोन मिनिटांत त्यांचा संताप झाला.

"ही कसली कबड्डी? बोनस रेषा खयं आसा? आणि हो पोरगो मधीच श्वास घेता! पंच झोपलो काय?"

त्यांनी मला वही आणायला लावली. बारा चुका सांगितल्या. मी त्या शुद्ध मराठीत लिहून गेमवाल्यांना पाठवल्या, म्हटलं, हसतील आणि सोडून देतील. तोवर गेम शाळांमध्ये जाऊन पोचला होता.

मुलीच्या शाळेत तो आला त्या दिवशी ती घरी आली आणि दप्तर न काढता माझ्यासमोर उभी राहिली. "आई, शप्पथ सांग. हे तू लिहिलंयस हे तू कोणाला सांगितलं नाहीस ना?"

"नाही. का?"

"सांगू पण नकोस. कधीच."

कारण शाळेनं ते वाक्य उचललं होतं. डब्यातली कारल्याची भाजी कोणी पुढे केली की "नको मित्रा." पीटीच्या सरांनी मैदानाला तीन फेऱ्या मारायला सांगितल्या तर अख्खी रांग एका सुरात, मान तिरकी करून, "नको मित्रा." बीजगणिताचा गृहपाठ का केला नाही? "बाई, मला माझे आरोग्य प्रिय आहे." मुलं 'प्रि' वर स्पर्धा लावायची, कोणाचा जास्त लांबतो. आमच्या लिफ्टमध्ये एकदा मी पाचव्या मजल्यावरच्या एका मुलाला म्हटलं, ये ना आत, जागा आहे. तो म्हणाला, "नको मित्रा," आणि जिन्यानं पळाला. मी चाळिशी ओलांडलेली बाई.

पालकसभेत वर्गशिक्षिकांनी हा विषय काढला. "गेमचा हेतू चांगला आहे, पण ते वाक्य कोणी लिहिलंय देव जाणे. मुलं वेडी झाली आहेत. असं कोण बोलतं?" मी बाकाच्या कडेला नखानं रेघ ओढत बसले. शेजारी माझा नवरा. तो बँकेत आहे, दिवसभर कुणाशी फारसं बोलत नाही, पण नेमका त्या दिवशी त्याला अभिमान दाटून आला. "बाई, ते आमच्या हिनं लिहिलंय," तो म्हणाला. तेव्हा चष्म्याचं ते झालं. मुलगी आठ दिवस माझ्याशी जेवणापुरतं बोलली.

इकडे गेमवाल्यांचा फोन आला. हसले नव्हते. म्हणाले, कबड्डीच्या चुका अगदी बरोबर आहेत, कळवणारे गृहस्थ येऊन समजावून सांगतील का? सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं आणि आम्ही टॅक्सीनं लोअर परळला गेलो. ती मुलं पंचविशीतली, अर्धी मराठी न येणारी. सासऱ्यांनी बंबय्या हिंदी काढली. "देखो, कबड्डी में सांस नहीं छोड़ने का. छोड़ा तो आउट. सीधी बात." त्यांनी खुर्च्या बाजूला करायला लावल्या, गालिच्यावर चिकटपट्टीनं मध्यरेषा आखली आणि एका मुलाला पकड कशी करतात ते करून दाखवलं. त्या मुलाचा मोबाईल कपाटाखाली गेला. सगळे खूश होते.

मग चहाची वेळ झाली. मला कुणीतरी वाक्यांबद्दल विचारायला थांबवून घेतलं, आणि अर्ध्या तासानं बघते तर सासरे नाहीत आणि ती मुलंही नाहीत. मी खाली गेले. इमारतीच्या मागे, कुंड्यांच्या आड, धूम्रपानासाठी एक कोपरा ठेवलेला होता. मुलांना सिगरेटपासून वाचवणारी ती सगळी टीम तिथे रोज चार वेळा जात असे, हे मला तेव्हा कळलं. पण त्या दिवशी त्यांच्या हातात सिगरेटी नव्हत्या. सासऱ्यांनी आपलं बंडल फिरवलं होतं. पाच जण रांगेत उभे राहून गणेश छापाच्या नाही, पण तसल्याच कुठल्यातरी कडक विड्या ओढत होते आणि पाचही जण कमरेत वाकून खोकत होते. एकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. एक मुलगी भिंतीला धरून म्हणत होती, "अंकल, ये क्या है, अंकल?" सासरे मधोमध उभे राहून प्रेमानं तिच्या पाठीवर थोपटत होते.

"बाबा!"

"अगो, त्येंच्या त्या पांढऱ्यात काय दम नाय. म्हटलां, चव बघा."

परतताना टॅक्सीत मी खिडकीची काच पूर्ण खाली केली. ते स्वतःशी म्हणाले, "पोरां चांगली आसत. पण दम नाय."

याच सुमारास ती गच्चीची गोष्ट घडली. मला ती मुलीनंच सांगितली, पोळी खाता खाता, जणू बसचा नंबर सांगावा तशी. गणपतीच्या नाचाची प्रॅक्टिस गच्चीवर चालायची, संध्याकाळी. तिथे बी विंगमधला कॉलेजचा एक मुलगा यायचा. त्या दिवशी त्यानं खिशातून पेनासारखं काहीतरी काढलं, ओढलं, धूर सोडला आणि या चौघींपुढे धरलं. "ट्राय कर ना. काय होतं? सिगरेट नाहीये ही."

"आई, त्याला स्ट्रॉबेरीचा वास येत होता," मुलगी म्हणाली. "म्हणजे घाण नव्हता. चांगला होता."

"मग?"

"मग काय. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी पहिली उभी होते ना. मला काय बोलावं सुचेना. साधं नको म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, घाबरली. मग मी म्हटलं."

"काय म्हटलंस?"

तिनं पोळीचा तुकडा खाली ठेवला, मान तिरकी केली आणि छातीतून आवाज काढला, "नको मित्रा, मला माझे आरोग्य प्रिय आहे." 'प्रि' चांगला तीन सेकंद लांबवला. "सगळ्या एवढ्या हसल्या ना, आई. तो पण हसला. एक तर खालीच बसली. मग त्यानं ते खिशात ठेवलं आणि स्पीकर लावला." तिनं तुकडा तोंडात घातला. "भाजी वाढ."

मी भाजी वाढली. थोडी ताटाबाहेर पडली. ते वाक्य मी चिडून, समितीची थट्टा करायला लिहिलं होतं आणि त्याची लाज वाटून मी पालकसभेत बाकावर रेघा ओढल्या होत्या. ते कुणाच्या उपयोगाला येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, आणि आलं ते त्यातल्या आरोग्यामुळे नाही, त्यातल्या वेडेपणामुळे आलं. मी हे त्या समितीला कळवणार होते. मग कळवलं नाही. मुलीनं विश्वासानं सांगितलं होतं. बी विंगमधल्या त्या मुलाच्या आईला मात्र जाऊन भेटले.

पुढच्या वर्षी गेमची नवी आवृत्ती आली. कबड्डी एकदम खरी. माझं वाक्य गेलं. तज्ज्ञांचं म्हणणं आता असं पडलं की मुलांची भाषा हवी. निळ्या टोपीवाल्याला ताजा, चुणचुणीत आवाज मिळाला, तो म्हणतो, "नाय यार, चिल." मुलीच्या शाळेत तो गेम दोन तास चालला, मग कोणी उघडला नाही.

पण सासऱ्यांची कबड्डी आता लॅपटॉपमधून बाहेर आली होती. शाळेच्या मुलींचा संघ तयार होत होता, मुलीनं नाव दिलं होतं, आणि शाळेत शिकवायला कोणी नव्हतं. सासरे म्हणाले, मी शिकवतंय. रविवारी सकाळी टॉवरच्या पार्किंगमागच्या मोकळ्या जागेत सात मुली जमल्या. सासऱ्यांनी खडूनं रेषा आखल्या, हाफ पँट चढवली होती, गुडघ्यांना तेल. "आता बघा. चढाई." त्यांनी मांडीवर थाप मारली, मध्यरेषा ओलांडली, "कबड्डी कबड्डी कबड्डी," आणि बोनस रेषेपर्यंत पोचायच्या आधी आवाज तुटला. ते थांबले. छातीला हात लावला. खोकल्याची उबळ आली, चांगली लांबलचक, तशीच जशी रोज दुपारी लॅपटॉपमधून यायची. मग सगळ्यात लहान चणीची एक मुलगी हळूच म्हणाली, "आजोबा, दम सुटला. आउट."

"आउट," सासरे म्हणाले. नियम म्हणजे नियम. ते रेषेबाहेर जाऊन उकिडवे बसले.

मी त्यांना काही सांगितलं नाही. इतकी वर्षं सांगून झालं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाकिटावर चित्र छापून सांगितलं होतं. सोमवारी सकाळी गॅलरीतल्या खुर्चीवर ते बसलेले दिसले, हातात विडी नव्हती, तोंडात लवंग होती आणि ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बारीक आवाजात "कबड्डी कबड्डी" करत होते. मला बघून थांबले. "काय बघतंस? दम वाढवतंय."

विडी त्यांनी सोडली असं मी म्हणणार नाही, कारण ते वाचतील आणि वाद घालतील. दुपारच्या जेवणानंतर एक असते. पण रविवारी नसते, रविवारी सराव असतो. मुली घड्याळ लावून त्यांचा दम मोजतात आणि अजिबात सवलत देत नाहीत.

डिसेंबरात दादरच्या एका मैदानात आंतरशालेय सामने झाले. आमच्या मुली पहिल्याच फेरीत हरल्या. चांगल्याच हरल्या. आमच्या मुलीची तीन वेळा पकड झाली, एकदा तर ती पकड होण्याआधीच दिशा चुकून स्वतःच रेषेबाहेर गेली. मध्यंतरानंतर सासऱ्यांना वाटलं की समोरच्या मुलीचा दम तुटला होता आणि पंचांनी दिला नाही. ते मैदानात शिरले. पंच त्यांच्याहून चाळीस वर्षांनी लहान असेल. "आजोबा, बाहेर बसा." सासऱ्यांनी त्याला गिरणी संघाचे नियम सांगायला सुरुवात केली. पंचांनी शिट्टी मारली. सासऱ्यांनी मधे श्वास न घेता जे बोलायला सुरुवात केली ते इतकं लांब गेलं की सातही मुली खेळ सोडून टाळ्या वाजवायला लागल्या. शेवटी आयोजकांनी त्यांना दंडाला धरून, पण आदरानं, फाटकाबाहेर नेऊन बसवलं आणि उसाचा रस दिला.

मी बाहेर गेले तेव्हा ते कठड्यावर बसले होते, लालबुंद.

"किती झाला गो?" त्यांनी विचारलं.

"एकवीस-पाचनं हरलो, बाबा."

"ता नाय. मी बोलत होतंय, ता किती सेकंद झाला?"

मला काय माहीत? मी मोजलं नव्हतं. पण मागून त्या लहान चणीच्या मुलीचा आवाज आला, "अडतीस, आजोबा!" तिनं मोजलं होतं. गुडघा फुटला होता, वेणी सुटली होती आणि घड्याळ धरलेला हात तिनं वर केला होता.